ॲपल सायडर व्हिनेगर पहिल्यांदाच वापरताय? आधी मोजायला शिका

ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली पहिल्यांदा आणणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी करायला लावते. मिलीच्या खुणा असलेलं एखादं छोटं मापपात्र आणि ५ मिलीचा चमचा बाटलीशेजारी ठेवायचा आणि तो तिथून हलवायचा नाही. या द्रवाचे जे काही फायदे आहेत ते त्यातल्या आम्लामुळे आहेत आणि जे अपघात होतात तेही त्याच आम्लामुळे. मधे फरक पडतो तो फक्त प्रमाणाचा.

हे मी अनुभवाने शिकले. पहिली बाटली आणली त्या रात्री हनुवटीवर आलेल्या एका पुटकुळीवर मी कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर तसंच लावलं, पाण्याचा थेंबही न घालता. चुरचुरलं, तेव्हा वाटलं औषध काम करतंय. तसाच बोळा चिकटपट्टीने दाबून झोपले. सकाळी पुटकुळी जागच्या जागी होती, पण तिच्याभोवती बोटाच्या पेराएवढा लालबुंद चट्टा उठला होता. दोन दिवसांत त्यावर तपकिरी खपली धरली आणि खपली पडल्यावर राहिलेला डाग जायला तीन महिने लागले. ती रासायनिक भाजणूक होती. पुढचं सगळं वाचताना तो चट्टा डोळ्यांसमोर ठेवा.

बाटलीत काय असतं

सफरचंदाचा रस दोनदा आंबवला की हे व्हिनेगर तयार होतं. पहिल्या वेळी यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. दुसऱ्या वेळी ॲसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. व्हिनेगर आपोआप होत नाही, त्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे १८६०च्या दशकात लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं. गाळून न घेतलेल्या बाटलीच्या तळाशी जाळीसारखा, ढगासारखा तरंगणारा जो गाळ दिसतो त्याला ‘मदर’ म्हणतात. तो म्हणजे या जीवाणूंनी विणलेलं सेल्युलोज आणि त्यात अडकलेले जीवाणू. बाटली उजेडात धरून हलकी फिरवली की हे तंतू हळूहळू वर येतात आणि पुन्हा बसतात. तो बिघाड नव्हे.

मदर असलेलंच व्हिनेगर घ्या, त्यातच खरा गुण असतो, असं तुम्हाला सगळीकडे सांगितलं जाईल. आवडत असेल तर जरूर घ्या, पण रक्तातल्या साखरेवरच्या प्रयोगांमध्ये जो परिणाम दिसला त्याचं श्रेय प्रामुख्याने ॲसिटिक आम्लाला जातं आणि ते साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्येही असतं. जीवनसत्त्वांच्या आशेने तर हे पिऊच नका. १५ मिलीमध्ये जेमतेम ३ कॅलरी असतात आणि जीवनसत्त्वं जवळपास नसतातच.

विकत घेताना लेबलवर दोन गोष्टी बघा. आम्लता किती टक्के लिहिली आहे (बहुतेक ५ टक्के असते, काही ठिकाणी ६) आणि घटकांच्या यादीत साखर, मध किंवा स्वाद घातलाय का. साखर घातलेलं व्हिनेगर केसांना चिकट आणि रक्तातल्या साखरेसाठी आणायचं असेल तर निरर्थक. आम्लतेचा आकडा छापलेलाच नसेल तर ती बाटली परत ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर उभा आहे.

पातळ करण्याचा हिशेब

५ टक्क्यांच्या व्हिनेगरचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की ०.५ टक्क्यांचं द्रावण मिळतं. त्वचेवर याहून तीव्र काहीही लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. १५ मिली व्हिनेगर २५० मिली पाण्यात घातलं तर साधारण ०.३ टक्के होतं. केसांसाठी मी हेच वापरते आणि पिण्यासाठीही याच्यापुढे जात नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक जण इथेच गाफील राहतात. पीएच म्हणजे आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. व्हिनेगरचा पीएच २.५ ते ३च्या आसपास असतो. ॲसिटिक आम्ल हे सौम्य जातीचं आम्ल आहे. अशा आम्लात दहापट पाणी घातलं तरी पीएच जेमतेम अर्ध्याने वाढतो. दातांवरचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, मात्र पीएच ५.५च्या खाली गेला की विरघळायला लागतं. म्हणजे ग्लासभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं, चव अगदी सौम्य लागली, तरी दातांच्या दृष्टीने ते आम्लच राहतं. पाणी घातल्याने घसा आणि त्वचा बऱ्यापैकी वाचतात. दात वाचवायचे तर आम्ल दातांवर किती वेळ राहतं ते कमी करावं लागतं.

प्यायचं असेल तर

प्यायचं कशासाठी, हे आधी ठरवा. ज्याला बऱ्यापैकी आधार आहे असा एकच उपयोग मला ठाऊक आहे: पिष्टमय जेवणानंतर रक्तातली साखर जी झपकन चढते, ती थोडी संथ चढते. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कॅरल जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पिष्टमय जेवणाच्या आधी २० ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर ४० ग्रॅम पाण्यातून दिलं होतं. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही अशा लोकांमध्ये जेवणानंतरची स्थिती सुधारलेली दिसली. यामागचं एक कारण असं की व्हिनेगरमुळे पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. परिणाम माफक आहे. मधुमेहाच्या गोळ्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

हे कळलं की सकाळी उठल्या उठल्या अनशापोटी पिण्याची सवय किती बिनबुडाची आहे ते लक्षात येतं. ज्या पिष्टाची साखर संथ करायची ते पोटात नसताना आम्ल आत ढकलून काय मिळणार? मळमळ आणि जळजळ मात्र मिळते.

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा ५ मिली, २५० मिली पाण्यात, दिवसातून एकदा, मोठ्या जेवणाच्या अगदी आधी किंवा जेवताना. पोट शांत राहिलं तर दुसऱ्या आठवड्यात १० मिली, तिसऱ्यात १५ मिली. बहुतेकांनी तिथेच थांबावं. दिवसाला ३० मिली ही माझ्या दृष्टीने शेवटची हद्द, तीही दोन जेवणांत विभागून. ग्लास हातात घेऊन तासभर घोट घोट पीत बसू नका. स्ट्रॉ तोंडात थोडी मागे धरा आणि दोन मिनिटांत संपवा. लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. त्यानंतर किमान अर्धा तास ब्रश करायचा नाही, कारण आम्लाने मऊ पडलेलं एनॅमल ब्रशने घासलं जातं. रात्री पिऊन लगेच आडवं होऊ नका, ते घशाशी येतं.

खरं सांगू, सगळ्यात सोपा मार्ग ग्लासाचा नाहीच. एक चमचा व्हिनेगर, दोन-तीन चमचे तेल, मीठ आणि मिरपूड एकत्र फेटून सॅलडवर घाला. जेवणाबरोबरच पोटात जातं, दातांवर रेंगाळत नाही आणि नाक मुरडावं लागत नाही. मी स्वतः ग्लासभर पिणं कधीच सोडून दिलं आणि याच वाटेला लागले.

वजनाबद्दल विचारणारे सर्वांत जास्त असतात, म्हणून नेमकं सांगते. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ व्यक्तींना १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिली व्हिनेगर असलेलं पेय दिलं. वजन उतरलं ते एक ते दोन किलोच्या घरात आणि पेय बंद केल्यावर ते पुन्हा वाढू लागलं. तो अभ्यास व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी केला होता, हेही लक्षात असू द्या. लेबनॉनमधल्या एका अभ्यासाचा २०२४ मध्ये फार गाजावाजा झाला. तीन महिन्यांत सहा ते आठ किलो, असे त्याचे आकडे होते. आकडेवारीबद्दल गंभीर शंका निघाल्या आणि २०२५ मध्ये तो निबंध नियतकालिकाने मागे घेतला. त्याचे आकडे अजूनही फिरताना दिसतात. कुणी तुम्हाला ते पाठवले तर हे सांगा.

पित्तासाठी, छातीत जळजळतं म्हणून पिणारेही खूप आहेत. त्याला भरवशाचा आधार नाही. जळजळ वाढली तर तुमचं शरीर उत्तर देतंय, त्याचं ऐका आणि बंद करा.

यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. लघवी वाढवणारी औषधं किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनाही जपावं लागतं, कारण व्हिनेगरच्या अतिरेकाने शरीरातलं पोटॅशियम कमी झालं तर या औषधांबरोबर ते धोक्याचं ठरतं. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, वारंवार आंबट वर येणं, हेही याच यादीत. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काहींचं पोट आधीच फार हळू रिकामं होतं. स्वीडनमध्ये २००७ साली अशा दहा रुग्णांवर केलेल्या छोट्या अभ्यासात व्हिनेगरने ते आणखी मंदावलं. गरोदर असाल तर पाश्चराइज न केलेलं, मदर असलेलं व्हिनेगर टाळा.

अतिरेक केला तर काय होतं त्याची एक नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. १९९८ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका बाईची हकिगत लिहिली. ती सहा वर्षं रोज २५० मिली व्हिनेगर पीत होती. तिच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं आणि त्या वयात हाडं ठिसूळ झाली होती.

गोळ्या आणि कॅप्सूल? माझा सल्ला नको असाच आहे. एका बाईच्या घशात अशी गोळी अडकून इजा झाल्यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी आठ ब्रँडच्या गोळ्या तपासल्या आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. आम्लाचं प्रमाण साधारण १ टक्क्यापासून १० टक्क्यांपर्यंत काहीही निघालं आणि लेबलवरच्या दाव्यांशी ते जुळेना. जे मोजता येत नाही ते पोटात कशाला घ्यायचं?

केसांसाठी

इथे मात्र मी मनापासून शिफारस करते. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. साबण आणि काही शाम्पू अल्कलीधर्मी असतात, त्यांनी हे खवले उचलले जातात. मग केस एकमेकांत अडकतात, भुरभुरीत होतात, चमक जाते. पाणी जड असेल तर साबणाचा पांढुरका थरही केसांवर बसतो. सौम्य आम्लाने तो थर सुटतो आणि खवले पुन्हा सपाट बसतात. चमक येते ती एवढ्यामुळेच, कारण सपाट पृष्ठभागावरून उजेड नीट परततो. केसांना यातून पोषण वगैरे मिळत नाही.

आंघोळीला जाण्याआधीच २५० मिली कोमट पाण्यात १५ मिली व्हिनेगर घालून तांब्यात किंवा बाटलीत तयार ठेवा. ओल्या हातांनी अंदाजे ओतायला लागलात की माप चुकतं. नेहमीसारखे केस धुवा, शाम्पू पूर्ण काढून टाका, पाणी निपटून घ्या. आता मान मागे टाका, डोळे घट्ट मिटा आणि द्रावण कपाळाच्या वरून मागे, केसांच्या लांबीवर ओता. बोटं केसांतून फिरवलीत की फरक हाताला लगेच कळतो. शाम्पूनंतर करकरणारे, बोटं अडवणारे केस एकाएकी सुळसुळीत होतात आणि गुंता बोटांनीच सुटायला लागतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी चकित होऊन पुन्हा पुन्हा बोटं फिरवत राहिले होते. एक-दोन मिनिटं थांबा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. वास केस वाळले की जातो. ओले असेपर्यंत थोडा येतो, तो चालवून घ्यावा लागतो.

आठवड्यातून एकदा पुरे. केस मुळात कोरडे असतील तर पंधरा दिवसांतून एकदा. डोक्यावर ओरखडे, जखम, खाजवून सोललेली जागा असेल तर त्या आठवड्यात नको. केस नुकतेच रंगवले असतील तर आधी एका बटेवर करून बघा. डोळ्यांत गेलंच तर चोळू नका. वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा उघडा धरून धुवा आणि दुखणं किंवा अंधुक दिसणं राहिलं तर लगेच डॉक्टर गाठा.

कोंड्यासाठी याच्यावर विसंबू नका. कोंड्यामागे बहुतेकदा मलासेझिया नावाची बुरशी असते आणि तिच्यासाठी किटोकोनाझोलसारखं औषध असलेला शाम्पू मिळतो, तो काम करतो. केस वाढणं, टक्कल भरणं, हे व्हिनेगरने होत नाही.

त्वचेसाठी, फार जपून

निरोगी त्वचा स्वतःच थोडी आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५. यावरूनच व्हिनेगरचा टोनर ही कल्पना निघाली. ऐकायला पटते. पण ज्यांच्या त्वचेत हा समतोल खरोखर बिघडलेला असतो, त्या एक्झिमाच्या रुग्णांवर व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग केला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. बावीस जणांनी १४ दिवस रोज दहा मिनिटं एक हात ०.५ टक्क्यांच्या द्रावणात बुडवून ठेवला. यातले निम्मे रुग्ण होते, निम्मे निरोगी. त्वचेचा संरक्षक थर सुधारला नाही आणि सोळा जणांना त्वचेचा त्रास झाला. म्हणून एक्झिमा असेल तर हा प्रयोग घरी करू नका.

निरोगी, तेलकट त्वचेवर करूनच बघायचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला चाचणी घ्या. एकास वीस प्रमाणात, म्हणजे ५ मिली व्हिनेगर आणि १०० मिली पाणी, कापसाने नाण्याएवढ्या जागेवर लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि दोन दिवस वाट बघा. लाली, खाज, चुरचुर काहीच नसेल तरच चेहऱ्यावर. तिथेही मिनिटभर ठेवून धुऊन टाका, रात्रभर कधीच नाही. दाढी केल्यावर, वॅक्सिंगनंतर, रेटिनॉलसारखी क्रीम चालू असताना किंवा उन्हाने त्वचा भाजलेली असताना लावू नका. मी चेहऱ्याला लावत नाही. मिळणारं थोडं आणि चुकलं तर डाग, हा सौदा मला परवडत नाही.

तीळ आणि चामखीळ घालवायला व्हिनेगरचा बोळा बांधून ठेवणं सर्वांत धोक्याचं. नाकावरचे तीळ काढायला एका १४ वर्षांच्या मुलीने असं केलं आणि तिच्या नाकाची त्वचा भाजली, ही नोंद २०१५ ची आहे. शिवाय एखादा तीळ रंग किंवा आकार बदलत असेल तर तो डॉक्टरांनी बघायलाच हवा. आम्लाने जाळून टाकलात तर बघायला काही उरत नाही. दात पांढरे करायला घासणं तर विसराच.

पायांना वास येत असेल तर दोन लिटर कोमट पाण्यात १०० मिली घालून दहा मिनिटं पाय बुडवा, धुवा, बोटांच्या मधली जागा कोरडी करा. भेगा असतील किंवा मधुमेह असेल तर नको.

चुकून जळलंच तर भरपूर वाहत्या पाण्याने वीस मिनिटं धुवा. त्यावर खायचा सोडा चोळू नका. फोड आला, कातडी पांढरी पडली किंवा चट्टा चेहऱ्यावर असेल तर डॉक्टरांकडे जा.

बाटली ठेवायची कशी

झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब, नेहमीच्या कपाटात. फ्रिज लागत नाही, आम्लामुळे ते टिकतं. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. केसांसाठी पातळ केलेलं द्रावण मात्र साठवू नका, दर वेळी ताजं करा. बाथरूममध्ये ठेवत असाल तर ब्लीचच्या बाटलीजवळ अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. काही महिन्यांनी तळाचा गाळ वाढलेला दिसेल, कधी वर जाडसर, गुळगुळीत पापुद्रा धरेल. तो मदरच आहे. गाळणीतून गाळून घ्या, आम्लतेचा आकडा असलेलं लेबल शाबूत ठेवा आणि तीच बाटली पुढे वापरा.